केबलवर वेग छापलाच पाहिजे

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर (सरकारदरबारी त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु संगणकाच्या सामानासाठी तेथे जाणाऱ्याच्या तोंडी ते सहसा येत नाही) किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एखाद्या दुकानासमोर उभे राहून ‘टाइप-सी केबल दाखवा’ असे म्हटले, की दुकानदार चार-पाच नमुने काचेवर मांडतो. लांबीने, जाडीने आणि रंगाने ते किंचित भिन्न असले तरी त्यांची टोके हुबेहूब एकसारखी असतात. आणि तरीही त्यांच्या किमती शंभर-दीडशे रुपयांपासून तीन-चार हजारांपर्यंत पसरलेल्या असतात. गिऱ्हाइकाने या तफावतीचे कारण विचारले तर ‘ही चांगली आहे’, ‘ही ओरिजिनल आहे’, ‘ही फास्ट आहे’ अशी विशेषणे ऐकू येतात, आणि त्यात बिचाऱ्या दुकानदाराचा फारसा कसूरही नसतो; कारण ज्या वेष्टनावरून त्याने उत्तर द्यावयाचे, त्या वेष्टनावर वेगाविषयी विशेषणांखेरीज दुसरे काही छापलेलेच नसते.

वस्तुतः त्या काचेवरील सर्वांत मंद केबल सेकंदाला ४८० मेगाबिट माहिती वाहून नेते आणि सर्वांत वेगवान केबल ४० गिगाबिट, म्हणजे पहिलीच्या ८० पटींहून अधिक. धान्य, कापड, तेल, औषध यांपैकी कोणत्याही मालात एवढा गुणभेद असता आणि तो वेष्टनावर नमूद केलेला नसता, तर त्याविरुद्ध एव्हाना ग्राहक पंचायतीने मोर्चा काढला असता. केबलच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत असते, लांबी असते, महिना आणि वर्ष असते, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांकही असतो; ज्या कामासाठी ती वस्तू घ्यावयाची त्या कामाचे माप मात्र नसते. ते माप ठळक अक्षरांत, केबलवर आणि पोर्टवरही छापण्याची सक्ती कायद्याने झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे मत बनण्यास या वेगांचा गेल्या काही दशकांचा इतिहासच कारणीभूत आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या पाठीकडे पाहिले असता प्रत्येक छिद्राचा आकार निराळा आणि प्रत्येकाचे काम ठरलेले दिसे. कीबोर्ड व माउस यांच्यासाठी १९८७ मध्ये आयबीएमने रूढ केलेली वाटोळी पीएस-२ खोबण, मोडेमसाठी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, छपाईयंत्रासाठी पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट, आणि ज्याच्या खिशाला परवडेल त्याच्यासाठी वेगवान डिस्का जोडणारी स्कझीची (SCSI) जाडजूड केबल. सीरियल पोर्टचे मूळ प्रमाण १९६० सालचे, दूरमुद्रक आणि मोडेम यांच्यासाठी बेतलेले. घरगुती संगणकावर तो फार तर सेकंदाला १,१५,२०० बिट वाहून नेई, आणि प्रत्येक अक्षराला आरंभाचा व अखेरीचा असे दोन बिट जादा लागत असल्याने त्याची हिशेबाने ११,५२० अक्षरे एवढीच होत. पॅरलल पोर्टची मूळ गती सेकंदाला सुमारे दीडशे किलोबाइट होती. हे सारे आज हास्यास्पद वाटेल. परंतु त्या व्यवस्थेचा एक गुण असा की खोबणीचा आकार पाहताच तिची मर्यादा कळे आणि सीरियल पोर्टाकडून कोणी स्कझीची अपेक्षा करीत नसे. तिचे दोषही थोडेथोडके नव्हते. नवे उपकरण जोडावयाचे तर संगणक बंद करावा लागे, अंतर्गत क्रमांकांची जुळवाजुळव करावी लागे, आणि एवढे करूनही ते चालेल याची खात्री कोणी देत नसे.

हा जाच संपविण्याच्या हेतूने जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण जाहीर झाले. ते घडविणाऱ्या इंटेलमधील चमूत अजय भट्ट हे अग्रणी होते आणि त्यांचे पदवीशिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेले होते, ही गोष्ट गायकवाडांच्या बडोद्याविषयी ममत्व बाळगणाऱ्या मराठी वाचकास सुखावणारी आहे. ध्यानात घेण्याजोगे हे की त्या मंडळींचे उद्दिष्ट वेग हे नव्हतेच. कीबोर्ड-माउससाठी सेकंदाला दीड मेगाबिट आणि बाकीच्यांसाठी १२ मेगाबिट अशा दोन पायऱ्या त्यांनी ठेवल्या, कारण टंकलेखन करणाऱ्याची बोटे कितीही चपळ असली तरी दीड मेगाबिट त्यांना जन्मभर पुरून उरतात. संगणक चालू असता उपकरण लावावे, काढावे, आणि ते मुकाट्याने ओळखले जावे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती व ती त्यांनी पार पाडली. १९९८ मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयमॅकवरून जुने पोर्ट काढून टाकून यूएसबीवर भिस्त ठेवली, तेव्हा या नव्या व्यवस्थेचा अंमल सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

वेगाची शर्यत सुरू झाली ती चलच्चित्रांमुळे. १९९५ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेला आणि अ‍ॅपलच्या पुढाकाराने वाढलेला फायरवायर सेकंदाला ४०० मेगाबिट देत असे. सोनीच्या कॅमेऱ्यांवर तोच आय-लिंक या नावाने दिसे. आपल्याकडे लग्नाचे ‘शूटिंग’ करणाऱ्या मंडळींना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. मिनी-डीव्हीच्या फितीवर घेतलेले चित्रण संगणकात उतरविण्यासाठी हीच केबल लागे. एका तासाची फीत उतरण्यास बरोबर एक तास लागे आणि हार्ड डिस्कवरची सुमारे १३ गिगाबाइट जागा खर्ची पडे. त्या फितीतून नुसत्या चित्राचाच प्रवाह सेकंदाला २५ मेगाबिट येई, आणि तत्कालीन यूएसबीचे १२ मेगाबिट त्यापुढे अपुरे पडत, म्हणून फायरवायरला पर्याय नव्हता. पुढे एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आला आणि त्याच्या पाटीवर ४८० हा आकडा झळकला. बाजाराने सरळ वजाबाकी केली: ४८० मधून ४०० गेले, ८० उरले, सबब यूएसबी श्रेष्ठ.

परंतु ज्यांनी दोन्ही केबलींना एकच हार्ड डिस्क लावून एकच फाइल उतरवून पाहिली, त्यांना बहुधा फायरवायरच पुढे निघालेला दिसला. याचे कारण दोन्हींच्या घडणीत आहे. यूएसबी २.० मध्ये सारा अधिकार यजमान संगणकाकडे असतो. जोडलेले उपकरण आपण होऊन एक शब्द उच्चारू शकत नाही, संगणकाने ‘तुझ्यापाशी काही आहे काय?’ असे विचारावे आणि मगच त्याने उत्तर द्यावे, अशी रीत असते. आणि या विचारपुशीत तारेवरचा बराच काळ आणि प्रक्रियकाचे बरेच श्रम खर्ची पडतात. फायरवायरमध्ये दोन्ही टोके समान दर्जाची असतात, कॅमेरा संगणकाच्या परवानगीवाचून बोलू शकतो, इतकेच नव्हे तर संगणक मध्ये नसताना दोन उपकरणे परस्परांशीही बोलू शकतात, आणि अखंड चालणाऱ्या प्रवाहासाठी ठरावीक वेळ राखून ठेवण्याची तजवीज त्यात मुळातच आहे. अर्थात एवढी समज प्रत्येक उपकरणात भरावयाची म्हणजे ते महाग होणार, त्यावर स्वामित्वशुल्कही पडणार. आणि माउसपासून पेन ड्राइव्हपर्यंत सर्वांना चालणारी स्वस्त यूएसबी चिप ज्या कारखानदाराच्या हाती आली, त्याने फायरवायरचा विचार का करावा? फायरवायर हरला तो किमतीत, गतीत नव्हे. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते असे, की पाटीवरचा आकडा आणि हातात पडणारी गती यांचा घटस्फोट बाजाराला त्याच वेळी दिसलेला होता आणि तरीही त्याने पाटीवरचाच आकडा पुढे चालविला.

ही तफावत किती मोठी असते याचा हिशेब एकदा मांडून ठेवणे बरे. ४८० हा आकडा बिटांचा आहे; आपण फाइल मोजतो ती बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४८० चे झाले ६०. त्यातून प्रत्येक खेपेचे शिष्टाचार, पत्ते आणि पडताळे वजा केले की शास्त्रतःच सुमारे ५३ मेगाबाइट उरतात, आणि व्यवहारात ३० ते ४० हाती लागले तरी भाग्य समजावे. नोव्हेंबर २००८ मधील यूएसबी ३.० चे ५ गिगाबिटही असेच. तेथे आठ बिट पाठविण्यासाठी तारेवर दहा बिट धाडावे लागतात, म्हणून पाचातून एक गिगाबिट आरंभीच गळतो. उरलेल्या चारांचे ५०० मेगाबाइट होतात, त्यातून प्रत्यक्षात चारशे-साडेचारशे मिळतात. नंतरच्या १० गिगाबिटवाल्या प्रकाराने ही गळती १२८ बिटांमागे अवघ्या चार जादा बिटांवर आणली, हे अभियंत्यांचे खरे कौतुकास्पद काम. दुकानातल्या वेष्टनावर त्याची वार्ता नाही. बिटाच्या जागी बाइट न छापण्यामागे कारस्थान आहे असे मी म्हणणार नाही. दळणवळणाच्या शास्त्रात बिटांनीच मोजण्याचा प्रघात जुना आहे. पण आठपटीने मोठा दिसणारा आकडा विक्रेत्याला गैरसोयीचा असतो असेही कोणी म्हणणार नाही.

येथवर निदान आकडा तरी होता. यापुढे जे घडले त्यात आकडा मागे पडून नावांचा कारभार सुरू झाला, आणि तो कारभार पेशवाईच्या अखेरच्या दप्तराहूनही गोंधळाचा ठरला. आधीच १२ मेगाबिटला ‘फुल स्पीड’ आणि त्याच्या चाळीसपट असलेल्या ४८० ला ‘हाय स्पीड’ म्हणण्याचा पायंडा पडलेला होता. ५ गिगाबिटला ‘सुपरस्पीड’ हे नाव मिळाले. २०१३ मध्ये १० गिगाबिटचे प्रमाण यूएसबी ३.१ म्हणून आले, तेव्हा त्याला नवा क्रमांक देऊन जुन्याला जुन्या जागी राहू द्यावे हा साधा मार्ग होता; त्याऐवजी जुन्या ५ गिगाबिटलाच ‘३.१ जेन १’ आणि नव्याला ‘३.१ जेन २’ अशी नावे ठेवण्यात आली. २०१७ मध्ये २० गिगाबिटचा ३.२ आला आणि त्यामागोमाग पुन्हा सर्वांचे नामकरण झाले: ५ गिगाबिट हा ‘३.२ जेन १’, १० हा ‘३.२ जेन २’ आणि २० हा ‘३.२ जेन २ बाय २’. परिणाम असा की २००८ मधील मूळ वेगाचा पेन ड्राइव्ह २०१९ नंतरच्या बाजारात ‘यूएसबी ३.२’ अशी पाटी लावून बसू शकला, आणि त्यात खोटे काही नव्हते. ‘जेन १’ ही दोन अक्षरे बारीक टायपात छापावीत की मुळीच छापू नयेत, याची मुभा छापणाऱ्याला होतीच.

त्यानंतर २०१९ मध्ये आलेला यूएसबी ४ हा थंडरबोल्ट ३ च्या पायावर उभा आहे. इंटेल आणि अ‍ॅपल यांनी २०११ मध्ये बाजारात आणलेला थंडरबोल्ट १० गिगाबिटपासून निघून २०१५ मध्ये ४० वर पोचला होता, आणि त्याच साली त्याने आपला निराळा पोशाख टाकून टाइप-सीचे टोक स्वीकारले होते. यूएसबी ४ म्हणविणारा पोर्ट २० गिगाबिटचा असू शकतो, ४० चाही असू शकतो. २०२२ मध्ये त्याचीच ‘आवृत्ती २.०’ ८० गिगाबिटची म्हणून निघाली. या सर्व नावांची जननी जी उद्योगसंस्था, यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम, तिलाच अखेर २०२२ मध्ये उपरती झाली, आणि गिऱ्हाइकापुढे आवृत्तीचे क्रमांक न नाचविता ‘यूएसबी १० जीबीपीएस’, ‘यूएसबी ४० जीबीपीएस’ असे सरळ वेगच लिहावेत, अशी तिने शिफारस केली. केबलींसाठीही तिने वेग आणि वॅट दाखविणारी चिन्हे काढली. निर्णय योग्यच, परंतु ती चिन्हे तिच्याकडून प्रमाणपत्र घेणाऱ्यांसाठी, आणि प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलवर ते चिन्ह का नसते, हे वेगळे सांगावयास नको.

आकाराची मखलाशी या सर्वांवर कळस करते. ऑगस्ट २०१४ मध्ये सिद्ध झालेले टाइप-सी हे केवळ टोकाचे नाव आहे. त्यात २४ संपर्कबिंदू असले तरी आतल्या सर्व तारा भरण्याचे बंधन नाही. जिचे मुख्य काम मोबाइल चार्ज करणे एवढेच, त्या केबलमध्ये यूएसबी २.० पुरत्या तारा घालून बाकीची जागा रिकामी ठेवणे हे प्रमाणाला धरूनच आहे. सप्टेंबर २०२३ मधील आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट मिळाला म्हणून पुष्कळांनी आनंद व्यक्त केला. परंतु साध्या आयफोन १५ चा वेग ४८० मेगाबिट म्हणजे २००० सालचाच राहिला, प्रो नमुन्याचा १० गिगाबिट झाला, आणि त्या प्रो नमुन्यासोबत खोक्यात येणारी केबल मात्र पुन्हा ४८० मेगाबिटचीच होती. कंपनीने हे लपविलेले नव्हते, तांत्रिक तपशिलात ते नमूद होते. पण तांत्रिक तपशील वाचून केबल जोडणारा गृहस्थ मी अद्याप पाहिलेला नाही. जुन्या यूएसबी ३.० ने निदान आतील प्लास्टिक निळे करण्याची शिफारस केलेली होती आणि पाच जादा संपर्कबिंदू नजरेस पडत. टाइप-सीच्या इवल्याशा टोकाने तीही खूण पुसून टाकली.

आणि यातली खरी गंमत, किंवा संताप आणणारी गोष्ट, ही की वेगवान केबलला आपला वेग ठाऊक असतो. ३ अँपिअरहून अधिक वीज नेणाऱ्या अथवा यूएसबी ३ च्या सर्व तारा बाळगणाऱ्या टाइप-सी ते टाइप-सी केबलमध्ये ‘ई-मार्कर’ नावाची एक सूक्ष्म चिप बसविण्याचा नियम आहे. केबल लावताच ती चिप आपली क्षमता, वेग किती आणि वीज किती, हे संगणकाला व चार्जरला सांगते आणि ते त्याप्रमाणे वागतात. म्हणजे अशा केबलीच्या वेगाची जबानी प्रत्येक वेळी होते. ती फक्त दोन यंत्रांमध्ये होते, आणि जो पैसे मोजतो त्याला तिची इतल्ला नसते. जी माहिती सिलिकॉनवर कोरण्याचा खर्च उत्पादक करतो, तीच रबरावर छापण्यास त्याच्यापाशी शाई नसावी, हे पटण्यासारखे नाही.

अर्थात केबलवर वेग छापल्याने प्रत्येक फाइल त्या वेगाने धावेल असे नव्हे. साखळीतील सर्वांत मंद दुव्याची गती हीच संपूर्ण साखळीची गती, आणि तो दुवा पुष्कळदा केबल नसतोच. समजा, लग्नाच्या छायाचित्रांचे व चित्रफितींचे ५० गिगाबाइट एका लॅपटॉपमधून बाहेरच्या डिस्कवर न्यावयाचे आहेत. यूएसबी २.० वर, सेकंदाला ३५ मेगाबाइट धरले तर, सुमारे २४ मिनिटे लागतील. ५ गिगाबिटच्या पोर्टवर चारशे मेगाबाइट मिळाले तर दोन मिनिटे. पण बाहेरची डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर तिची स्वतःची धाव सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे सहसा जात नाही आणि काम सात मिनिटांवर येते. तिला ४० गिगाबिटची केबल लावा, तरी सातच मिनिटे. तोच पसारा जुन्या सीरियल पोर्टने पाठविला असता तर पन्नास दिवस लागले असते, हे केवळ गंमत म्हणून नोंदवितो. तेव्हा फिरत्या डिस्कसाठी, छपाईयंत्रासाठी, स्कॅनरसाठी महागडी केबल घेणे म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी. कीबोर्ड-माउसला तर यूएसबी ३ चे सान्निध्य क्वचित अपायकारकच ठरते, कारण त्या वेगवान संकेतांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि शेजारच्या बिनतारी माउसचा बाण अडखळू लागतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलेले आहे. याउलट एनव्हीएमई जातीच्या बाह्य डिस्कवर थेट चित्रपटाचे संकलन करणाऱ्यास १० गिगाबिटही अपुरे पडतात. कोणाला किती हवे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरविण्यासाठी आकडा लागतो, आणि माझी तक्रार आकड्याच्या अभावाविषयी आहे, मंद केबलींच्या अस्तित्वाविषयी नाही. मंद केबल स्वस्त मिळावी, अवश्य मिळावी; ती मंद आहे हे तिने सांगावे.

आपल्या देशाला ही अवस्था अपरिचित नाही. एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात चालत नसे, शेर कच्चा की पक्का हे आधी ठरवावे लागे, आणि मापाच्या या संदिग्धतेवर व्यापाऱ्यांचा एक वर्ग पिढ्यान्‌पिढ्या पोसला जात होता. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या त्याच्या अंमलबजावणीने किलोग्रॅम, मीटर आणि लिटर यांची सर्वत्र प्रस्थापना झाली. तेव्हाही अडाणी जनता गोंधळेल, लहान व्यापारी बुडेल, अशी हाकाटी होण्यास वाव होता, पण एका पिढीत लोक पायली विसरले. त्या कायद्याचा आजचा वारस म्हणजे २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम, आणि वेष्टनबंद वस्तूंवर काय छापावे हे सांगणारे २०११ चे नियम. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क शब्दशः मान्य केलेला आहे. केबलची क्षमता म्हणजे तिचा वेग आणि तिची वीज वाहण्याची ताकद, यापलीकडे दुसरे काय असू शकते? म्हणजे नवा कायदा करण्याची गरज नाही. असलेल्या नियमांत एक पोटकलम घालणे पुरेसे आहे.

भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण भारतीय मानक म्हणून स्वीकारलेले आहे. युरोपीय संघाने त्याच्याही पुढे जाऊन २०२२ च्या निर्देशाने टाइप-सीचे टोक मोबाइलला सक्तीचे केले आणि २८ डिसेंबर २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. चार्जरांचा ढीग कमी व्हावा हा त्याचा उद्देश स्तुत्य आहे, आणि विजेच्या वॅटचा आकडा वेष्टनावर दाखविण्याची तजवीजही त्यात आहे. पण त्या निर्देशाचा रोख चार्जिंगवर आहे. केबलमधून माहिती किती वेगाने जाते ते छापण्याची सक्ती त्यात नाही. सर्व टोके एकसारखी करून आतला भेद न सांगणे हा अर्धाच न्याय झाला, किंबहुना गोंधळात भरच. कारण पूर्वी वेगळे टोक पाहून गिऱ्हाईक निदान थबकत असे.

यावर उद्योगाकडून एक आक्षेप येईल आणि तो अगदीच टाकाऊ नाही. प्रत्यक्ष वेग केबलवर, डिस्कवर, संगणकावर, फाइलींच्या आकारावर अवलंबून असतो. मग आम्ही कोणता आकडा छापावा, आणि तो न मिळाल्यास गिऱ्हाईक आम्हांला ग्राहक आयोगात खेचणार नाही काय? याचे उत्तर असे की कमाल वाहकक्षमता छापावी, तीही बिटांत आणि बाइटांत अशी दोन्ही, आणि ती ठरावीक लांबीच्या ठरावीक चाचणीतून काढलेली असावी. शीतकपाटाच्या विजेचा वापर घरोघरी निराळा असतो, तरीही ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ पासून ताऱ्यांची पट्टी लावण्याचा प्रघात पाडलाच, आणि तिच्यामुळे कोणी शीतकपाटवाला देशोधडीला लागल्याचे ऐकिवात नाही. केबलीच्या बाबतीत तर लांबीचा मुद्दा स्वतंत्र महत्त्वाचा आहे. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, १० गिगाबिटची सुमारे एक मीटरवर दमते, आणि ४० गिगाबिटची, आत मदतीची चिप नसेल तर, मीटरभरही पुरत नाही. जो विक्रेता साधी दोन मीटरची केबल ‘४० गिगाबिट’ म्हणून अल्प किमतीत विकतो, त्याच्या दाव्याची शहानिशा करण्याचा अधिकार आज कोणत्या निरीक्षकाला आहे आणि ती त्याने कोणत्या उपकरणाने करावी, हाही प्रश्न त्या पोटकलमासोबतच सोडवावा लागेल. वैध मापन विभागाच्या निरीक्षकापाशी आज तराजू आणि वजने आहेत, केबल तपासणारे यंत्र नाही.

नियम बदलेपर्यंत एक गोष्ट मात्र दिल्लीकडे डोळे न लावता होऊ शकते. जिल्हा परिषदा, महाविद्यालये, सहकारी बँका आणि सरकारी कार्यालये दरवर्षी संगणक, डिस्का आणि केबली खरेदी करतात, बरीच सरकारी खरेदी जीईएम या सरकारी ई-बाजारपेठेतून होते, आणि निविदेत ‘यूएसबी ३.० किंवा वरचा’ असा मोघम मजकूर एका फायलीतून दुसऱ्या फायलीत उतरविला जातो. त्याऐवजी प्रत्येक पोर्टचा वेग गिगाबिटमध्ये, प्रत्येक केबलचा वेग व लांबी एकत्र, आणि प्रत्येक बाह्य डिस्कची सलग लेखनगती मेगाबाइटमध्ये मागावी. मालाची पोच देण्यापूर्वी नमुन्यादाखल एक मोठी फाइल उतरवून घड्याळ लावावे, आणि आकडा जुळला नाही तर माल परत करण्याचे कलम करारात असावे. एवढे करण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीत मसुद्यातली एक ओळ बदलली की झाले.